सीवायएलसी१ : शुक्राणूच्या डोक्यातील प्रथिनाचे जनुक आणि त्याच्या नोंदी कशा वाचाव्यात

शुक्राणूच्या डोक्यात केंद्रकाभोवती प्रथिनांचे एक दाट, चिवट आवरण असते. सायलिसिन-१ हा त्या आवरणाचा एक प्रमुख घटक आहे आणि हे प्रथिन तयार करण्याची माहिती ज्या जनुकात असते, त्याचे अधिकृत चिन्ह सीवायएलसी१ (CYLC1) असे आहे. पुरुष वंध्यत्वासाठी केलेल्या एक्सोम तपासणीच्या, म्हणजे जनुकांतील प्रथिनांची माहिती असलेले भाग वाचणाऱ्या तपासणीच्या, अहवालात हे चिन्ह दिसले, की वाचणारा ते इंटरनेटवर शोधतो, वरच्या चार ओळी वाचतो आणि वंध्यत्वाचे कारण सापडले असे मानून मोकळा होतो. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. अहवालात जनुकाचे नाव आल्याने फक्त प्रश्न उभा राहतो. उत्तर त्या जनुकातील नेमका बदल कोणता आणि त्याच्या बाजूने पुरावा किती, यावर ठरते. हा पुरावा कोणालाही विनामूल्य पाहता येणाऱ्या माहितीसाठ्यांत उपलब्ध आहे. तो कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन पाहावा, हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्या हाती असा अहवाल पडला आहे त्यांच्यासाठी येथे सांगत आहे.

आधी शुक्राणूचे डोके समजून घ्यावे

माहितीसाठे उघडण्यापूर्वी या प्रथिनाची शरीरातील जागा डोळ्यांसमोर आणावी, कारण पुढच्या प्रत्येक नोंदीचा अर्थ त्यावरूनच लागतो. शुक्राणूच्या डोक्यात मध्यभागी अतिशय घट्ट बांधलेले केंद्रक असते, त्याच्या पुढच्या भागावर टोपीसारखा ॲक्रोसोम बसलेला असतो आणि ॲक्रोसोममधील विकरे अंड्याचे बाह्य आवरण भेदण्याच्या कामी येतात. केंद्रक आणि ॲक्रोसोम यांच्या मध्ये, तसेच ॲक्रोसोम जेथे संपतो त्याच्या मागच्या भागात केंद्रकाला लगटून, जे प्रथिनांचे आवरण असते त्याला पेरिन्यूक्लिअर थीका म्हणतात. तिच्या मागच्या, पेल्याच्या आकाराच्या भागाला कॅलिक्स असे नाव आहे. हे आवरण तीव्र क्षार आणि डिटर्जंट यांनाही सहजासहजी दाद देत नाही आणि म्हणूनच प्रयोगशाळेत ते शुक्राणूच्या इतर भागांपासून वेगळे करून अभ्यासता आले. १९८० च्या दशकात त्यातील प्रथिनांचे वर्णन झाले आणि १९९३ मध्ये सायलिसिनची रेणवीय ओळख प्रसिद्ध झाली. त्याच आवरणात कॅलिसिन नावाचे आणखी एक प्रथिन असते, तर सायलिसिनचा दुसरा प्रकार, म्हणजे सायलिसिन-२, सीवायएलसी२ या वेगळ्या जनुकातून तयार होतो.

सायलिसिन सुरुवातीपासून मागच्या भागात नसते. वृषणात अर्धसूत्री विभाजन संपल्यावर ज्या गोल पेशी तयार होतात, त्या स्पर्मॅटिडमध्ये ते प्रथम ॲक्रोसोमच्या भागात दिसते आणि पेशी लांबट होऊन शुक्राणूचे रूप घेऊ लागली, की ते केंद्रकाच्या मागच्या बाजूच्या कॅलिक्समध्ये स्थिरावते. म्हणजे डोक्याची घडण चालू असतानाच्या काळात हे प्रथिन कामाला असते. त्यामुळे ते बिघडले तर बिघाड डोक्याच्या आकारात आणि ॲक्रोसोमच्या पकडीत दिसावा, अशी अपेक्षा बाळगणे योग्य ठरते. ही अपेक्षा मनात पक्की ठेवावी. ज्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच तयार होत नाहीत, त्याच्या अहवालात सीवायएलसी१ चा बदल आला तर तो बदल आणि ती तक्रार यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

या कारणासाठी जनुकाच्या अहवालाशेजारी वीर्यतपासणीचा अहवाल ठेवावा आणि त्यात फक्त संख्या पाहून थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतील मार्गदर्शिकेनुसार सामान्य आकाराच्या शुक्राणूंच्या प्रमाणाची खालची संदर्भमर्यादा ४ टक्के आहे. म्हणजे निरोगी पुरुषाच्या वीर्यातही बहुसंख्य शुक्राणू काटेकोर निकषांवर ‘असामान्य’ ठरतात. म्हणून ‘असामान्य ९५ टक्के’ एवढ्या आकड्याने घाबरून जाण्यात अर्थ नाही. दोष डोक्यात आहे, मानेत आहे की शेपटीत, आणि डोक्यात असेल तर ॲक्रोसोम लहान आहे, सुटलेला आहे की दिसतच नाही, हे तपशील आपल्या कामाचे आहेत. ते अहवालात नसतील तर प्रयोगशाळेकडे मागावेत.

जनुकाची ओळखपत्रे जुळवून पाहावीत

आता एनसीबीआयच्या जनुक विभागात किंवा एन्सेम्बलमध्ये, म्हणजे जनुकांच्या खुल्या माहितीसाठ्यांत, चिन्ह टाकून नोंद उघडावी. नोंदीत सर्वांत आधी जीव कोणता आहे हे पाहावे, कारण उंदराचे आणि माणसाचे चिन्ह जवळपास सारखेच लिहितात; माणसाचे सर्व अक्षरे मोठी ठेवून, तर उंदराचे फक्त पहिले अक्षर मोठे ठेवून. त्यानंतर जागा पाहावी. सीवायएलसी१ एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर, एक्सक्यू२१.१ या पट्ट्यात आहे. सीवायएलसी२ नवव्या गुणसूत्रावर आहे. ही एक ओळ पुढच्या सगळ्या विचाराला वळण देते, म्हणून ती लिहून ठेवावी.

जागेचे अचूक आकडे वाचताना ते जनुकसंचाच्या कोणत्या संदर्भआवृत्तीनुसार दिले आहेत हे तपासावे. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या दोन्ही आवृत्त्या आजही वापरात आढळतात आणि एकाच बिंदूला दोन्हींत वेगवेगळे क्रमांक असतात. अहवाल एका आवृत्तीवर आणि आपण उघडलेला माहितीसाठा दुसरीवर, असे झाले तर शोधलेला बदल तिथे मिळत नाही आणि वाचणारा तो ‘अत्यंत दुर्मीळ’ असल्याची चुकीची समजूत करून घेतो.

प्रथिनाची नोंद युनिप्रॉटमध्ये पाहावी. मानवी सायलिसिन-१ मध्ये ६५१ अमिनो आम्ले आहेत, तर सायलिसिन-२ मध्ये ३४८. या प्रथिनांत लायसीन हे धनप्रभारित अमिनो आम्ल भरपूर असते आणि त्याचे छोटे छोटे क्रम पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे प्रथिनाचा एकूण प्रभार धन राहतो. याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत. पहिला असा, की अल्फाफोल्डसारख्या संगणकीय साधनाने भाकीत करून दाखवलेली त्रिमितीय आकृती पाहताना रंगांकडे लक्ष द्यावे. ज्या भागाचा विश्वासांक ५० पेक्षा कमी असतो, तो भाग स्थिर आकार नसलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि त्या भागातील सुंदर वेटोळ्यांवरून ‘बदलामुळे घडी बिघडते’ असे विधान करता येत नाही. दुसरा परिणाम असा, की पुनरावृत्त क्रमांच्या प्रदेशात छोटे तुकडे वाचून जोडण्याच्या पद्धतीत तुकडा नेमका कोठे बसवायचा याचा घोळ होऊ शकतो. अशा प्रदेशात काही अक्षरे गळाल्याचा किंवा वाढल्याचा दावा असेल तर निवडक तुकडा स्वतंत्रपणे वाचणाऱ्या सँगर पद्धतीने त्याची खातरजमा झाली आहे का, हे विचारणे रास्त आहे.

बदलाची नोंद हाताने ताडून पाहावी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका वंध्य पुरुषातील सीवायएलसी१ चा बदल असा नोंदवला आहे : सांकेतिक क्रमातील, म्हणजे प्रथिनाची माहिती देणाऱ्या डीएनए अक्षरांच्या रांगेतील, १७२० व्या जागी ‘जी’ ऐवजी ‘सी’, आणि प्रथिनात ५७४ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का? प्रत्येक अमिनो आम्लासाठी तीन अक्षरे लागतात, म्हणून ५७४ ला तीनने गुणावे. उत्तर १७२२ येते. म्हणजे ५७४ व्या अमिनो आम्लाची तीन अक्षरे १७२०, १७२१ आणि १७२२ या जागी आहेत आणि बदल त्यांतील पहिल्या अक्षरात आहे. ग्लुटामिक आम्लाचा संकेत ‘जीएए’ किंवा ‘जीएजी’ असतो. पहिल्या ‘जी’ चा ‘सी’ झाला की ‘सीएए’ किंवा ‘सीएजी’ होते आणि हे दोन्ही ग्लुटामिनचेच संकेत आहेत. नोंद आतून सुसंगत आहे.

त्याच पुरुषात सीवायएलसी२ मध्येही ५५१ व्या जागी ‘जी’ चा ‘ए’ झालेला होता आणि १८४ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आले होते. १८४ गुणिले ३ म्हणजे ५५२, म्हणून ५५१ हे त्या त्रिकातील मधले अक्षर. ग्लायसीनचे संकेत ‘जीजी’ ने सुरू होतात आणि मधला ‘जी’ जाऊन ‘ए’ आला की, तिसरे अक्षर ‘सी’ किंवा ‘टी’ असल्यास, ॲस्पार्टिक आम्ल मिळते. हाही हिशेब बसतो.

आपल्या हातातील अहवालावर हाच हिशेब करून पाहावा. जुळला नाही तर टंकलेखनाची चूक असू शकते किंवा प्रयोगशाळेने वेगळा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे जनुकाची वेगळी आरएनए प्रत, धरलेला असू शकतो. प्रथिनातील जागेचा क्रमांक ६५१ पेक्षा मोठा दिसला, तर नेहमीच्या सायलिसिन-१ च्या क्रमाशी तो जुळूच शकत नाही. मोजणी कोणत्या ट्रान्सक्रिप्टवर केली हे अहवालात लिहिलेले असते. ते एनसीबीआय आणि एन्सेम्बल या दोघांनी मिळून प्रमाण म्हणून ठरवलेल्या ‘मेन सिलेक्ट’ (MANE Select) नोंदीशी ताडून पाहावे.

जनुक कोठे आणि केव्हा चालू असते

ह्यूमन प्रोटीन ॲटलस किंवा जीटेक्स येथे निरनिराळ्या ऊतींतील अभिव्यक्ती, म्हणजे जनुक कोठे किती चालू आहे, हे पाहिले, की सीवायएलसी१ चा स्तंभ वृषणात उंच आणि अन्यत्र जवळजवळ शून्य दिसतो. या चित्रातून निघणारी एक सूचना फार उपयोगाची आहे : डीएनएची तपासणी रक्तावर करता येते, मात्र एखाद्या बदलाने आरएनएची जोडणी बिघडते का हे या जनुकाच्या बाबतीत रक्तातील आरएनएवरून ठरवता येत नाही, कारण रक्तपेशींत ते जनुक बोलतच नाही.

येथे एक प्रश्न विचारी वाचकाला पडतोच. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि ते अर्धसूत्री विभाजनानंतर चालू होते. पण त्या विभाजनानंतर निम्म्या पेशींकडे एक्स असते आणि उरलेल्या निम्म्यांकडे वाय. मग वाय वाहणाऱ्या शुक्राणूंना सायलिसिन-१ मिळते कोठून? उत्तर वृषणातील पेशींच्या जोडणीत आहे. एका मूळ पेशीपासून झालेले स्पर्मॅटिड पेशीद्रवाच्या अरुंद पुलांनी एकमेकांना जोडलेले राहतात आणि आरएनए व प्रथिने त्या पुलांतून शेजारच्या पेशींत जातात. त्यामुळे एक्सवरील जनुकाचे उत्पादन वाय असलेल्या पेशींनाही पुरते. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : पुरुषाच्या एकुलत्या एक एक्सवरील सीवायएलसी१ सदोष असेल, तर वाय असलेल्या पेशींना शेजाऱ्याकडून मिळणारे प्रथिनही सदोषच असते. म्हणून ‘निम्मे शुक्राणू तरी ठीक असतील’ हा तर्क येथे लागू होत नाही.

वारंवारता वाचताना स्त्री-पुरुष वेगळे मोजावेत

दुर्मीळपणा तपासण्यासाठी नोमॅड हा माहितीसाठा वापरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ८ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती आहे. तेथे बदलाची एकूण वारंवारता वाचून थांबणे ही एक्सवरील जनुकांच्या बाबतीत सर्वांत सामान्य चूक आहे. स्त्रीकडे दोन एक्स असतात आणि तिला शुक्राणू नसतात. त्यामुळे सीवायएलसी१ चा कितीही गंभीर बदल तिच्यात काही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतो. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून त्याच्यातील बदलाला हेमिझायगस म्हणतात. आपल्याला ही हेमिझायगस संख्या हवी असते, आणि नोमॅडमध्ये ती वेगळी दाखवलेली असते.

त्या संख्येचा अर्थही जपून लावावा. नोमॅडमधील पुरुषांना मुले आहेत की नाहीत, याची नोंद त्यात नसते. तेव्हा पाच-दहा हेमिझायगस पुरुष आढळले म्हणून बदल निरुपद्रवी ठरत नाही. वंध्यत्व असलेला पुरुष इतर सर्व दृष्टींनी निरोगी असतो आणि अशा संग्रहात सहज असू शकतो. दुसरीकडे, हेमिझायगस पुरुषांची संख्या फार मोठी असेल, तर एकट्या त्या बदलामुळे गंभीर वंध्यत्व येते हा दावा टिकणे अवघड होते. लोकसमूहांनुसार दिलेली वारंवारताही पाहावी. एखादा बदल जगभरात विरळ आणि एका लोकसमूहात बराच आढळणारा असू शकतो.

प्रयोगांतून काय दिसले

पबमेड या वैद्यकीय संशोधनलेखांच्या सूचीत शोध घेतल्यास दोन अभ्यास पूर्ण वाचण्याजोगे मिळतात. दोन्ही ‘ईलाइफ’ या नियतकालिकातील आहेत आणि सर्वांना खुले आहेत. २०२३ चा अभ्यास जर्मनीतील बॉन येथील गटाच्या पुढाकाराने झाला. त्यात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या पद्धतीने उंदरांतील दोन्ही सायलिसिनची जनुके निकामी करण्यात आली. केवळ पहिले जनुक नसलेल्या नरांची प्रजननक्षमता घटली, पण ती पूर्ण गेली नाही. दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेले नर मात्र वंध्य होते. या अभ्यासातील सर्वांत बोलका निकाल तिसऱ्याच गटाचा आहे : पहिले जनुक नाही आणि दुसऱ्याची एकच प्रत शाबूत आहे, असे नरही वंध्य निघाले. म्हणजे स्वतंत्रपणे सहन होणारे दोन तोटे एकत्र आले की सहन होत नाहीत. वर ज्याच्या बदलांचा हिशेब आपण केला, त्या पुरुषातही सीवायएलसी१ चा हेमिझायगस बदल आणि सीवायएलसी२ च्या एका प्रतीतील बदल एकत्र होते आणि त्याच्या शुक्राणूंत ॲक्रोसोमचा अभाव आढळला. म्हणून अहवालात सीवायएलसी१ दिसले, तर सीवायएलसी२ ची माहितीही तपासली गेली का, हे विचारावेच.

२०२४ चा अभ्यास चिनी संशोधकांचा आहे. सायलिसिन-१ ॲक्रोसोमच्या आतल्या पटलावरील स्पाका१ या प्रथिनाशी आणि केंद्रकाच्या आवरणातील फॅम२०९ या प्रथिनाशी जोडले जाते आणि त्यातून ॲक्रोसोम केंद्रकाला धरून राहतो, असे त्यात दाखवले आहे. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत ॲक्रोसोम केंद्रकापासून सुटलेला आणि डोके विद्रूप झालेले दिसले. शुक्राणूंच्या डोक्यात विकृती असलेल्या ५०० हून अधिक वंध्य चिनी पुरुषांच्या एक्सोम तपासणीत सीवायएलसी१ चा एक बदल १९ जणांत मिळाला, आणि तसाच बदल उंदरात घालून पाहिल्यावर तेथेही डोक्याची विकृती व घटलेली प्रजननक्षमता दिसली. मानवी बदल प्राण्यात उतरवून पाहणे हा पुराव्याचा भक्कम प्रकार आहे. तरीही संशोधकांनी या जनुकातील बदलांना संभाव्य जोखीमघटक म्हटले आहे, आणि आपणही त्यापलीकडे जाऊ नये. एका बदलाचा पुरावा त्याच जनुकातील दुसऱ्या बदलाला आपोआप लागू पडत नाही, हे अशा लेखांचा आधार घेताना फार वेळा विसरले जाते.

वर्गवारी आणि पुढचे पाऊल

क्लिनव्हार या, जनुकीय बदलांचे वैद्यकीय अर्थ नोंदवणाऱ्या माहितीसाठ्यात आपला बदल शोधावा आणि तेथील निष्कर्षाइतकेच तो कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर दिला याकडे पाहावे. २०१५ पासून प्रचलित असलेल्या अमेरिकी निकषांत बदलांचे पाच वर्ग आहेत : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येणारे, पूर्वी न नोंदलेले बदल प्रायः अनिश्चित वर्गात जातात. अनिश्चित म्हणजे ‘थोडासा रोगकारक’ नव्हे. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी पुरावा अपुरा आहे एवढाच आहे. संगणकीय भाकिते मुख्यत्वे उत्क्रांतीत ती जागा किती जपली गेली यावर चालतात आणि प्रजननाशी संबंधित अनेक प्रथिने प्रजातींमध्ये वेगाने बदलत आलेली आहेत. त्यामुळे येथे त्या भाकितांना दुय्यम स्थान द्यावे.

सारखे लक्षण देणारी इतर जनुकेही विसरू नयेत. ॲक्रोसोम नसलेल्या, गोल डोक्याच्या शुक्राणूंच्या विकारात, म्हणजे ग्लोबोझूस्पर्मियात, डीपीवाय१९एल२ या जनुकाचा संपूर्ण तुकडा गळालेला असणे हे सर्वाधिक आढळणारे ज्ञात कारण आहे, आणि एवढा मोठा तुकडा गळाल्याचे नेहमीच्या एक्सोम विश्लेषणात निसटू शकते. वीर्यतपासणीत बहुतेक सर्व डोकी गोल असतील, तर सीवायएलसी१ च्या अनिश्चित बदलावर अडून बसण्याआधी ही तपासणी झाली आहे का ते पाहावे.

कुटुंबातील चाचणीने चित्र पुष्कळ स्पष्ट होते. पुरुषाला एक्स आईकडून मिळते, म्हणून बदल आईत आहे का ते पाहावे; मग आईच्या भावांपैकी किंवा त्याच्या स्वतःच्या भावांपैकी ज्यांना नैसर्गिकपणे मुले झाली आहेत, त्यांच्यापैकी कोणात तो आहे का, हे त्यांच्या संमतीने तपासावे. असा एखादा मामा सापडला तर त्या बदलावरचा संशय बराच ओसरतो. शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याची इक्सी ही पद्धत वापरण्याचा विचार चालू असेल, तर आनुवंशिकता सल्लागाराशी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी : वडिलांचे एक्स सर्व मुलींकडे जाते आणि एकाही मुलाकडे जात नाही. त्यामुळे हा बदल प्रत्येक मुलीत येईल, तिला त्याचा स्वतःला त्रास होणार नाही, आणि तिच्या प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असेल.